माहेरचा रकाना

१६ जानेवारी १९९४

श्रीराम. दुकानाची गेल्या सालची रोजकीर्द अर्धी कोरी राहिली. चांगली आखीव पानं रद्दीत घालणं मला जमणार नाही, म्हणून आजपासून यात मी लिहिणार. पुढून पाखरांची नोंद, मागून घरातलं जे मनात येईल ते. मॅट्रिकला गणितात माझे एकोणऐंशी मार्क होते. ह्यांचं वडीगोद्रीच्या फाट्यावर सायकलचं दुकान, पण दुकानाची वही लग्न झाल्यापासून मीच लिहिते. नोंद ठेवणं मला येतं, एवढं छातीठोक सांगते.

पाखरं काल आली. समोरचे फकरोद्दीनभाई गाद्या भरायचं काम सोडून अंबडला लेकीकडे कायमचे राहायला गेले. जाताना लव्हबर्डची जोडी पिंजऱ्यासकट आमच्या ओट्यावर ठेवली. म्हणाले, "भाभी, ये आपके हवाले. एक मडकं टांगा, बाकीचं ते बघून घेतेत."

"खातात काय?"

"राळे. आन् दुवा."

दोन्ही हिरवी आहेत, डोकं तेवढं पिवळसर. मानेपासून पाठीवर काळ्या बारीक रेघा, पाटीवर जवळजवळ ओळी आखाव्या तशा. नराचं नाक निळं, मादीचं तपकिरी. नराचं नाव थोरला ठेवलं, मादीचं थोरली. सुमी यंदा दहावीला आहे, अभ्यास सोडून पिंजऱ्यापाशी बसली. "आई, ही जमेत धरायची का नावे?"

"आली ती जमा. मेली की नावे."

"आन् उडाली तर?"

"तू भूमितीचं बघ."

२० फेब्रुवारी

ह्यांची थोरली बहीण, गोजरआक्का, हसनाबादहून आल्या होत्या. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेबराव, मी आजच सांगून ठेवते. सुमी माझ्या मच्छिंद्राची. भावाची लेक मागायचा हक्क हाय माझा. दुसरीकडं शब्द दिला तर तुझ्या दारात धरणं धरीन."

हे हसले. सुमी ताट घेऊन आत पळाली. मला मनापासून बरं वाटलं. माणसं माहितीतली, देणंघेणं काही नाही. मच्छिंद्र टेलिफोन खात्यात लाइनमन, पोरगा सरळ. आक्कासुद्धा त्यांच्या आत्याच्याच घरात दिलेल्या आहेत, सासूचा जाच म्हणून कसा तो त्यांना माहीत नाही. सुमी अठरा पूर्ण झाली की करायचं ठरलं. मी देवापुढं साखर ठेवली.

२ एप्रिल

मडक्यातून पाच पिल्लं निघाली. चार हिरवी. पाचवं पिवळं! हळकुंडासारखं पिवळं, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. पाठीवर एकही रेघ नाही. आखलेली पाटी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी तशी पाठ कोरी.

शेजारच्या नंदाबाई बघायला आल्या. "हिरव्या-हिरव्याला पिवळं? थोरलीलाच इच्चारा उषाबाई, कुठं गेल्ती ते."

"पिंजऱ्याला कडी आहे, नंदाबाई."

"कडी तर समद्याच घराला ऱ्हाती."

हे म्हणाले फकरोद्दीननं भेसळीचा माल दिला. माणसावर असा आळ घेणं बरोबर नाही, म्हणून मी कार्ड टाकून विचारलं की थोरल्याचा बाप कोणत्या रंगाचा होता. चार दिवसांत उत्तर आलं, "बाप असल हिरवा. कसम से."

आज सकाळी पिवळीला उन्हात तिरकं धरलं तर पाठीवर रेघा दिसल्या. अगदी पुसट, पाण्याच्या डागासारख्या. म्हणजे रेघा गेल्या नाहीत, आत आहेत, या रंगानं वर येऊ दिल्या नाहीत. ही गोष्ट माझी मी शोधली.

पिवळीचं नाव हळदी. आणि मी ठरवलं, सुमीच्या रुखवतात पिवळ्या लव्हबर्डची जोडी ठेवायची. बायका रुखवतात प्लॅस्टिकची फुलं नि लोकरीचे पोपट ठेवतात. आपली जिवंत जोडी, घरात वाढवलेली.

१९ मे

हसनाबादला चार दिवस राहून आले. आक्कांनी सुमीला आतापासूनच सून केलंय, तिखटाचा डबा तिच्याच हाती. आक्कांची धाकटी, सोनू, बारा वर्षांची. गुणी पोर, पण फार धांदरट. दिवे लागायच्या वेळेला हंड्याला धडकली, काल उंबऱ्यात पडली. आक्का ओरडल्या, "डोळे हायेत का भोकं?" मी म्हणाले शेवग्याचा पाला द्या, डोळ्याला चांगला. ह्यांचे चुलते पुंजारामकाका तिशीतच आंधळे झाले होते. त्यांनी ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलं म्हणतात. पोरांना जपलं पाहिजे.

६ ऑक्टोबर

थोरल्या-थोरलीची आतापर्यंत तीन मडकी झाली. पिवळ्या एकूण चार. पहिल्यापासून माझा नियम, सख्ख्या भावंडांची जोडी माझ्या घरात लागणार नाही. पाखरं झाली तरी रीत ती रीत. म्हणून हळदीसाठी बाहेरचा पिवळा नर बघायला जालन्याला गेले. बाजारातल्या पाखरंवाल्याला चार हिरवी देऊन त्याच्याकडचं एक पिवळं घेतलं. नाक निळं नव्हतं, मी हटकलं. तो म्हणाला पिवळ्या नराचं नाक निळं होतच नाही, गुलाबीच राहतं. परत येताना अंबडला उतरून फकरोद्दीनभाईंना विचारलं. तेही म्हणाले, "सही बोला." मग माझी खात्री झाली.

नाव ठेवलं पितांबर.

२८ नोव्हेंबर

हळदी आणि पितांबरचं फार जमलं आहे. एकमेकांना भरवतात. मडक्यात अंडी किती? दहा! नंदाबाईंना मुद्दाम बोलावून दाखवली. थोरलीनं एका वेळी सहाच्या वर कधी घातली नाहीत. पितांबरचा पायगुण. तो तर हळदीसोबत मडक्यातच बसून राहतो, असा नवरा मी पाहिला नाही.

१९ डिसेंबर

अठरा दिवसांत पिल्लू निघायला पाहिजे. बावीस झाले. बॅटरीवर एकेक अंडं धरून पाहिलं, दहाही रिकामी, आत नुसता उजेड. काही केल्या कळेना. दुपारी सुमी म्हणाली, "आई, पितांबर बघ काय करून राह्यला." पाहिलं तर पितांबर मडक्यात बसून अकरावं घालत होता.

सुमी इतकी हसली की तिला ठसका लागला. हे दुकानातून येऊन विचारू लागले, "काय झालं?" ती म्हणाली, "बाबा, पितांबर बाळंत झाला." मग हेसुद्धा.

नाक आता दोघींचंही तपकिरी झालंय. पिवळ्या नराचं नाक निळं नसतं हे खरं, पण मादीचंही निळं नसतंच की. तेवढा विचार मी केला नाही. चूक माझी. पण बाजारात पुन्हा जाणार नाही. पिवळा नर मी घरातच तयार करीन.

११ जानेवारी १९९५

वही घेऊन बसले. थोरल्याच्या चारही पिवळ्यांची नाकं तपकिरी. चारही लेकी. पिवळा लेक एकही नाही. असं का?

अंबडला गेले. फकरोद्दीनभाई खाटेवर ऊन खात होते. म्हटलं, "भाई, थोरल्याचा बाप खरंच हिरवा होता?"

"असल हिरवा, भाभी. झूट काहे को बोलू?"

"आणि त्याची आई?"

"आई? वो तो पिवळी थी. मालेगाव से लाई थी मैंने."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"आपने बाप का पूछा! मां का कौन पूछता?"

येताना यष्टीत मी स्वतःवरच हसत होते. माझ्या वहीत रकाने होते ते पिल्लू, बाप, तारीख, रंग असे. आईचा रकानाच नव्हता. घरी आल्या-आल्या फूटपट्टीनं नवा रकाना ओढला आणि वर लिहिलं, माहेर. कोण कुणाच्या पोटची, तिचा बाप कोण, आई कोण, सगळं मागपासून भरलं.

मग दिसलं. थोरल्याला पिवळं आलं ते आईकडून. त्याच्या अंगावर दिसलं नाही, पण आत होतं. लेकींच्या अंगावर ते उमटलं. लेकीला बापाकडून आलं तेवढं पुरतं. लेकाला मात्र दोन्हीकडून यावं लागत असणार, बापाकडून आणि आईकडून. एकाच बाजूनं आलं तर तो हिरवाच दिसतो, रेघा पण काळ्या ठळक, आणि ते पोटात घेऊन फिरतो. हे मला कुणी शिकवलं नाही. चांगल्या नोंदीपुढं काही लपून राहत नाही.

३ मार्च

दोन लग्नं लावली. हळदीला बाहेरचा हिरवा नर. आणि थोरल्याचा दुसरा लेक, मधला, त्याला बाहेरची हिरवी. मधल्याच्या पोटात ते आहे की नाही, पिल्लं झाल्याशिवाय कळायचं नाही.

२२ एप्रिल

हळदीची सहाच्या सहा पिल्लं हिरवी, काळ्या रेघांची. नंदाबाई म्हणाल्या, "झालं, पिवळं आटलं." मी म्हणाले आटत नाही. हळदीच्या प्रत्येक लेकाच्या पोटात ते असणारच. थोरल्याला जसं त्याच्या आईकडून आलं तसं.

आणि मधल्याकडे? चार पिल्लं, त्यातली एक पिवळी! झेंडू नाव ठेवलं. मधल्यानं लाज राखली.

३० जून

मच्छिंद्र आठ दिवस आमच्याकडे मुक्कामाला आहे, फाट्यावर नवीन खांब उभे करून राह्यलेत. पोरगा हुशार. पिंजऱ्याची तुटलेली जाळी टेलिफोनच्या तारेनं अशी शिवली की नवी वाटते. सुमीला पाखरांची माहिती सांगायची फार हौस. रोज संध्याकाळी पिंजऱ्यापाशी तास-तास त्याला सांगत बसते. आज तिनं नवी ओढणी घेतली होती, जाळीत अडकून फाटेल म्हणून मी रागावले.

मच्छिंद्र म्हणाला, "मामी, तुमची वही बघू द्या की."

"हात धुऊन ये."

वही पाहून म्हणाला, "आमच्या साहेबाला दाखवली पायजे. त्याला कुठली लाइन कुठं जाती ते कळत न्हाई."

१७ डिसेंबर

आज मोठं काम केलं. हळदीचा लेक आणि मधल्याची झेंडू यांची जोडी लावली.

आधी वहीवर चार दिवस विचार केला. पिवळी मादी आणि पोटात पिवळं असलेला नर पाहिजे. भाऊबहीण चालत नाही. हळदीच्या लेकाला हळदीची बहीण म्हणजे मावशी, तिच्याशी लग्न म्हणजे पाप. चुलत तर नाहीच. मग बोट फिरवत फिरवत झेंडूवर आलं. हळदी आणि मधला बहीणभाऊ. म्हणजे हळदीच्या लेकाला झेंडू कोण? मामाची मुलगी! यासारखं सोयीचं नातं नाही. आपल्या वाडवडिलांनी सगळं विचार करूनच ठरवलेलं असतं.

फकरोद्दीनभाई मागे म्हणाले होते, "भाभी, हमारे में चचाजाद, चुलत भी चलता. पाखरं मुसलमान समजून लावा न." मी म्हणाले, जन्म माझ्या ओट्यावर झालाय, लग्न माझ्याच रीतीनं होणार.

४ फेब्रुवारी १९९६

आक्का सोनूला औरंगाबादला डोळ्याच्या डॉक्टरकडे दाखवून परस्पर इकडे आल्या. अंधार पडला की पोरीला आता दिसतच नाही, दिवसाही बाजूचं कमी दिसतं. चष्मा दिला नाही म्हणून आक्का चिडलेल्या. "नुसतं इच्चारतो, नवराबायकोचं नातं काय? मी म्हणलं आतेभाऊ हाय माझा. त्याचा डोळ्याशी काय संबंध? शिकलेली माणसं बी येडी." मलाही तो प्रश्न चमत्कारिक वाटला. कॉडलिव्हरच्या गोळ्या द्या म्हटलं, आणि जांबला समर्थांच्या मंदिरात सोनूच्या नावानं अकरा नारळ बोलले.

साखरपुडा अक्षय्य तृतीयेला, २० एप्रिलला धरला. सुमीची बारावी मार्चात संपते. विज्ञान शाखा, जीवशास्त्राची वही किती सुरेख लिहिली आहे. माझीच सवय.

९ एप्रिल

श्रीरामा! झेंडूची पाच पिल्लं, तीन पिवळी, हे पुढच्या बाजूला, पाखरांच्या नोंदीत फेब्रुवारीतच लिहिलंय. आज नाकं स्पष्ट झाली. एकीचं पांढुरकं, ती मादी. दोघांचं कांद्याच्या सालीसारखं गुलाबी-जांभळं, गुळगुळीत. दोघंही मान हलवून गातात. नर! घरात तयार झालेले, पिवळे, कोऱ्या पाठीचे नर! फकरोद्दीनभाईंना रिक्षानं आणून दाखवले. बघत राहिले. म्हणाले, "भाभी, चालीस साल पाखरं पाळले, पर लिखा कभी न्हाई."

रुखवताला जोडी तयार. एक नर झेंडूचा. मादी दुसऱ्या पिंजऱ्यातली, पितांबर. नातं नको.

१२ एप्रिल

आक्का आणि सोनू आल्या, साखरपुड्याचं ठरवायला. अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या. मी आक्कांना पिवळा नर हातावर घेऊन दाखवला आणि सगळं समजावलं. "आक्का, हे एकाच बाजूनं आलं तर आत दडून राहतं. पिढ्या गेल्या तरी दिसत नाही. नरात दिसायला दोन्हीकडून यावं लागतं. म्हणून आत्याचा लेक नि मामाची लेक अशी जोडी लावली. दोघांच्या घरात एकच वस्तू दडलेली."

आक्कांनी टाळी दिली. "आपल्यावानीच की गं!"

आम्ही हसत होतो, तेवढ्यात सोनू पाणी घेऊन येत होती. दिवस नुकता मावळला होता, मला चांगलं दिसत होतं. ती सरळ चालत येऊन खाटेवर आदळली. कुरडयांचा चुरा झाला. ती हातानं चाचपत चुरा गोळा करू लागली आणि म्हणाली, "मामी, सुपाला धक्का लागला का?" खाटेला ती सूप समजली.

जास्त लिहवत नाही.

१४ एप्रिल

पाखरांच्या बाजूचं एक पान काढून त्यावर माणसं लिहिली. पहिल्यांदा फक्त पुरुष आठवले, कारण कुळातले तेवढेच पाठ असतात. त्यात पुंजारामकाका एकटेच आंधळे. मग माहेरचा रकाना ओढला. ह्यांच्याकडून खोदून खोदून विचारलं. पुंजारामकाकांचे आईबाप एकमेकांची आते-मामेभावंडं. पुंजारामकाकांची बहीण म्हणजे आक्कांची सासू. आक्का त्यांच्याच भावाची लेक. सोनूला आक्कांकडूनही आलं आणि आक्कांच्या नवऱ्याकडूनही. दोन्हीकडून.

आक्कांचे सख्खे भाऊ म्हणजे हे. ह्यांची लेक सुमी. आक्कांचा लेक मच्छिंद्र. दोघंही धडधाकट, दोघांच्या पाठीवर रेघा ठळक.

दोन वर्षं मी हेच वहीत लिहीत होते आणि देवापुढं साखर ठेवत होते.

१६ एप्रिल

एकटीच जालन्याला जाऊन डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंना भेटले, पान दाखवलं. त्या म्हणाल्या होईलच असं नाही, पण होऊ शकतं. घरात दोन माणसं अशी असताना नात्यात देणं टाळलेलं बरं.

ह्यांना सांगितलं. हे चिडले. "पाखराचं माणसाला लावून राह्यलीस तू. आमच्यात समदे असंच करत आले."

"म्हणूनच."

"आक्काला तोंड कोण दाखवणार?"

"मी. तुम्ही फक्त मध्ये बोलू नका."

१८ एप्रिल

हसनाबादला जाऊन आले. आक्कांनी मांडवाचे बांबू आणून ठेवले होते. मी उगाच पाल्हाळ लावला नाही. सुमी देणार नाही म्हणाले, आणि का ते सांगितलं.

आक्का उठून उभ्या राहिल्या. "माझ्या पोराला दारू न्हाई, बिडी न्हाई. सरकारी नोकरी हाय. आन् तू पाखराच्या वहीवरून त्याला नापास करतीस?"

"मच्छिंद्रात खोट नाही, आक्का. माझ्या सुमीतही ते असू शकतं. त्याला बाहेरची करा, सुमीला मी बाहेर देते. दोघांची लेकरं चांगली होतील."

"मॅट्रिक झाली म्हणून लई शहाणी झाली. साहेबराव असं बोलला असता का कधी?"

त्या बडबडत चुलीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग अचानक माझ्यासमोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजी सोनूचं… माझ्यामुळं?"

हा प्रश्न येईल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हिशेब घेऊन गेले होते, आणि समोर आई बसली होती.

"एकट्या तुमच्यामुळं नाही, आक्का. एकाकडून होतच नाही. आणि तुम्हाला तिथं दिलं कुणी? तुम्ही काय मागून घेतलं होतं?"

त्यांनी सोनूकडे पाहिलं. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. आक्का म्हणाल्या, "जा तू. शेवटची यष्टी जाईल." निघताना मात्र हातावर दही घातलं.

२० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज साखरपुडा असता. पुरणपोळी केली, कुणी नीट जेवलं नाही. सुमी दोन दिवस गप्पच आहे. मला वाटलं परीक्षेचा शीण.

दुपारी ती ओट्यावर राळे पाखडत होती. मी जवळ बसले. विचारायचं म्हणून विचारलं, "सुमे, तुला तो पसंत होता का?"

सूप थांबलं नाही. "आता विचारतीस?"

पाखरांचं सगळं विचारलं होतं मी. अंबडला जाऊन विचारलं, जालन्याला जाऊन विचारलं.

"तुझं चुकलं म्हणत नाही मी," ती म्हणाली. "मला आधीच माहिती होतं. बारावीच्या पुस्तकात आहे सगळं, एक अख्खा धडा. सोनूला पाहिलं तेव्हाच मी माझ्या जीवशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस गं मला?"

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच जे बराबर तेच केलं असतंस."

पितांबर पिंजऱ्यात उगाच कटकट करत होती.

मग सुमी उठली, सूप भिंतीला लावलं, तोंड धुतलं. "आत्या त्याला काय सांगेल, कसं सांगेल, देव जाणे. मी सांगते त्याला. तू चल, पण आत यायचं न्हाई."

फाट्यावरच्या टेलिफोन बूथपर्यंत दोघी चालत गेलो. तिनं हसनाबादचा नंबर पाठ सांगितला, कागद लागला नाही. काचेचं दार लावून घेतलं. मी बाहेर स्टुलावर बसले. ट्रक जात होते, आतलं ऐकू येत नव्हतं. ती बराच वेळ ऐकतच होती. एकदा हसली. एकदा पदर नाही म्हणून ओढणीनं डोळे पुसले. मग भिंतीकडे तोंड केलं आणि बोलत राहिली.

काय बोलली ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. निर्णय बरोबर आहे. त्यात मला शंका नाही. बूथवाला दोनदा माझ्याकडे पाहून मीटरकडे बोट करत होता. मी मीटरकडे पाहिलं नाही.